कॉम्प्युटर बंद पडला? आधी वीज कुठे अडली ते पाहा

विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर कोणताही जाणता शेतकरी लगेच मोटर उपसून तालुक्याला नेत नाही. आधी तो पेटीजवळ जातो. लाइट आहे का, तिन्ही फेज आले आहेत का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर उचलतो का, केबल कुठे उंदराने कुरतडली आहे का, हे क्रमाक्रमाने पाहतो. सगळे नीट असेल तरच मोटरीला हात लावतो. हे शहाणपण त्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. चार वेळा खिशाला चाट बसली की ते आपोआप येते.

घरातला किंवा संस्थेतला कॉम्प्युटर बंद पडला की हीच माणसे मात्र गोंधळून जातात. डबा उचलून, मोटारसायकलच्या मागे बांधून तालुक्याच्या दुकानात नेला जातो. दोन दिवस मोडतात, हेलपाटे होतात आणि पुष्कळदा दोष निघतो तो भिंतीवरच्या सैल पिनेत किंवा यूपीएसच्या संपलेल्या बॅटरीत. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत होते.

आज गावात कॉम्प्युटर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि लिटरची नोंद त्यावर होते. सातबारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून जातात. २०२२ साली केंद्र सरकारने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे, म्हणजे आपल्या गावच्या विकास सोसायट्यांसारख्या संस्थांचे, संगणकीकरण करण्याची योजना मंजूर केली. विम्याच्या शेवटच्या तारखेला यंत्र बंद पडले, तर नुकसान एका यंत्राचे नसते, सबंध गावाचे असते. म्हणून वीज कुठे अडली आहे हे शोधण्याची रीत घरातल्या एका तरी माणसाने, मग तो मुलगा असो, सून असो की आजोबा, शिकून घ्यावी.

वीज कोणत्या वाटेने येते

आधी वाट ओळखू. डीपीवरून वीज घराच्या मीटरवर येते, तिथून बोर्डावर, बोर्डातून यूपीएसमध्ये, यूपीएसमधून काळ्या जाड वायरीने कॉम्प्युटरच्या डब्यात. डब्याच्या मागच्या बाजूला, जिथे ही वायर खोचतो, तिथे आत पत्र्याची एक चौकोनी पेटी असते. तिला पॉवर सप्लाय किंवा दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना चालत नाही. ही पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे छोटे छोटे वाटे करून देते. मोठ्या पाटाचे पाणी दांडातून आणि दांडातून वाफ्यात सोडावे, तसेच हे काम आहे.

पेटीतून निघालेल्या रंगीत वायरी मदरबोर्ड नावाच्या मोठ्या हिरव्या किंवा काळ्या पाटीला जातात आणि तिथून पुढे सगळीकडे वीज फिरते. आता पाणी वाफ्यात पोचले नाही, तर आपण विहिरीपासून चालत येतो. इथेही भिंतीपासून सुरुवात करायची. डब्याचे स्क्रू काढण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते.

अगदीच हूं की चूं नाही

बटण दाबले, पण पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. अशा वेळी पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट, बोर्डात वीज आहे का? टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सारे ठीक, असे समजू नये. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी टेस्टर लागतोच. म्हणून त्याच पिनेत टेबलफॅन किंवा मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला तर वीज पुरी आहे.

दुसरी गोष्ट, यूपीएस वगळावा. कॉम्प्युटरची वायर यूपीएसमधून काढून सरळ भिंतीवरच्या बोर्डात लावावी. कॉम्प्युटर सुरू झाला तर तो निर्दोष आहे, दुखणे यूपीएसचे आहे. मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तोही वगळावा. त्याच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल होतात आणि वरून काहीच दिसत नाही. पिनेजवळ काळा डाग, वितळलेले प्लॅस्टिक किंवा चुरचुर आवाज असेल तर तो बोर्ड पुन्हा वापरू नये. आग लागायला तेवढे पुरते.

तिसरी गोष्ट, वायर बदलावी. इथे काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार होतो. मॉनिटरची वायर आणि डब्याची वायर बहुधा एकाच जातीची असते. मॉनिटरचा दिवा लागत असेल तर त्याची वायर काढून डब्याला लावावी. पैसा न खर्चता वायर चांगली की वाईट याचा निकाल लागतो. वायर पेटीत शेवटपर्यंत दाबून बसवावी, कारण अर्धवट बसलेली वायर हे बंद पडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे.

चौथी गोष्ट, डब्याच्या मागची कळ. पुष्कळ पेट्यांवर वायरीच्या शेजारी एक छोटी कळ असते. तिच्यावर एक उभी रेघ आणि एक गोल अशा खुणा असतात. रेघेची बाजू दाबलेली असली म्हणजे कळ चालू. झाडलोट करताना हात लागून ती बंद होते आणि घरभर शोधाशोध चालते. काही जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असे लिहिलेली आणखी एक लाल कळ असते. ती आपल्या देशात कायम २३० वरच असली पाहिजे. मुलांनी खेळता खेळता ती ११५ वर सरकवली आणि वीज सोडली, तर पेटी जागीच जळते.

पाचवी गोष्ट, अंगातली वीज उतरवावी. विजेचा झटका आला की काही पेट्या स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊन बसतात. वायर भिंतीतून काढावी, कॉम्प्युटरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग वायर लावून पुन्हा सुरू करून पाहावे. इतक्यानेही पुष्कळ कॉम्प्युटर उठून बसतात.

एवढे करूनही यंत्र निपचित असेल तर दोन संशय उरतात, पुढचे बटण किंवा आतली पेटी. कॉम्प्युटर बंद असतानाही आत पाच व्होल्टची एक बारीक धार चालू असते. तिच्यामुळे काही मदरबोर्डांवर छोटा दिवा लागतो, तर काहींत माउसचा लाल दिवा चालू राहतो. असा दिवा दिसत असेल तर पेटी निदान श्वास घेत आहे आणि संशय बटणाकडे वळतो. दुकानदार बटणाची बारीक वायर काढून त्या दोन काड्यांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवतो. त्याने यंत्र सुरू झाले तर फक्त बटण बदलायचे असते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

इथे मॉनिटरकडे आधी पाहावे. त्याला स्वतःची वेगळी वीज लागते. त्याचा दिवाच लागत नसेल तर दोष त्याच्या वायरीत किंवा त्याच्यात आहे. दिवा पिवळसर किंवा लुकलुकता असेल, तर त्याला वीज मिळते आहे पण कॉम्प्युटरकडून चित्र येत नाही, असा अर्थ.

पंखा फिरला म्हणजे पेटी चांगली, असे मात्र समजू नये. पंख्याला थोडी वीज पुरते. कमी व्होल्टेजवर घरातला बल्ब मिणमिणतो पण मोटर उचलत नाही, तसेच हे आहे. मदरबोर्डाला मोठा चोवीस काड्यांचा जोड असतो आणि मुख्य चिपसाठी चार किंवा आठ काड्यांचा वेगळा जोड असतो. हा छोटा जोड निसटला तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. खाचखळग्यांच्या रस्त्याने डबा नेला-आणला की असे होते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे रॅमची पट्टी. यंत्र थांबून थांबून बीप बीप करत असेल तर बहुधा तिचीच तक्रार असते. वायर पूर्ण काढून, आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मग पट्टी काढून, तिची सोनेरी कड कोऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, टक आवाज होईतो परत बसवावी.

पंखा क्षणभर हलून लगेच थांबत असेल तर आत कुठे तरी शॉर्ट आहे आणि पेटी स्वतःला वाचवते आहे. अशा वेळी हार्डडिस्क, सीडीचा खण अशा जोडण्या एकेक करून काढून पाहतात. जी काढल्यावर यंत्र चालू राहील, ती गुन्हेगार. आपल्याकडे या शॉर्टचे एक खास कारण आहे. उबेसाठी डब्यात शिरलेली पाल मदरबोर्डावर चिकटून मरते, किंवा उंदीर वायरी कुरतडतो. डब्यामागच्या उघड्या खाचा पत्र्याच्या पट्टीने बंद ठेवल्या तर हा त्रास टळतो.

चालता चालता मध्येच बंद

हे दुखणे सर्वांत त्रासदायक, कारण अर्धा भरलेला अर्ज किंवा दुधाचा अर्धा हिशेब त्यात जातो. इथे यंत्र कधी बंद पडते याची वहीत नोंद ठेवावी. चार दिवसांची नोंद दुकानदाराच्या दहा अंदाजांपेक्षा अधिक सांगून जाते.

शेजारची मोटर, गिरणी किंवा कडबाकुट्टी सुरू होताना यंत्र बंद पडते का? मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणी लाइनीतला दाब खाली बसतो, बल्ब मंद होतो आणि कॉम्प्युटर चुकतो. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झालेल्या गावांत हा त्रास कमी झाला आहे, पण एकाच डीपीवर भार जास्त असेल तर तो राहतोच. यूपीएस धड असेल तर हा क्षण तो निभावून नेतो. तरीही यंत्र बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी संपली, असे खुशाल समजावे. नवी पेटी घेताना तिच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले पाहून घ्यावी. अशी पेटी कमी दाबातही तग धरते. काही स्वस्त पेट्यांना दोनशेच्या खाली चालत नाही.

दुपारच्या उन्हात, अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडते का? मग संशय उष्णतेचा. मळणीचा भुस्सा, चुलीचा धूर आणि रस्त्याची धूळ पंख्यावर बसून बसून त्याचे नमद्यासारखे थर होतात. चिप फार तापली की यंत्र जळू नये म्हणून आपणहून बंद होते. वर्षातून दोनदा, वायर काढून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ झाडावी. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. ओले फडके लावू नये. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि त्यावर झाकण म्हणून घातलेला कापडी अभ्रा यंत्र चालू असताना काढावा.

काम वाढले की बंद पडते का? मग पेटी दुबळी झाली असावी किंवा मदरबोर्डावरचे कपॅसिटर गेले असावेत. कपॅसिटर म्हणजे छोट्या डब्यांसारखे उभे तुकडे. त्यांचे डोके सपाट हवे. फुगलेले, फुटलेले किंवा तपकिरी डिंक ओघळलेले दिसले तर तेच कारण.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर नावाची ४१ क्रमांकाची नोंद सापडली, तर ती एवढेच सांगते की यंत्र नीट बंद न होता एकाएकी थांबले. वीज गेली, पेटी चुकली की यंत्र गोठले, हे आपल्यालाच शोधावे लागते.

यूपीएसची परीक्षा

साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बंद बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते आणि उन्हाळ्याच्या गरम खोलीत आणखी लवकर. परीक्षा सोपी आहे. रात्रभर चार्ज करावा, कॉम्प्युटर काढून १०० वॅटचा साधा बल्ब लावावा आणि भिंतीतली पिन काढावी. चांगली बॅटरी पंधरा मिनिटे तरी बल्ब पेटता ठेवते. दोन मिनिटांत अंधार झाला तर बॅटरी बदलावी, सबंध यूपीएस टाकू नये. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, तो तापताना एकदम मोठा भार ओढतो.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुधा एक कळ असते. ती यूपीएसच्या बाजूला ठेवली तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर झटकन भार उचलतो. नाही तर पंखा-बल्बला कळत नाही, पण कॉम्प्युटर बंद पडतो.

डब्याला हात लावताच झिणझिण्या

ही खूण कधीही दुर्लक्षू नये. पेटीच्या आत वीज गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारी अगदी थोडी वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावरच थांबते आणि हात लावणाऱ्याला चुणचुणते. तेवढ्याने माणूस दगावत नाही, पण उद्या खरोखरच पेटीत वायर पत्र्याला टेकली, तर तिला जमिनीत जायला वाटच नाही, ती तुमच्या अंगातून जाईल. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा विचार करा. झिणझिण्या म्हणजे घराने दिलेली सूचनाच.

तीन पिनांच्या टॉपची जाड पिन मोडून दोन पिनांत खुपसणे हा घातक प्रकार बंद करावा. वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट, जवळजवळ तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दिसले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टांपेक्षा जास्त नकोत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे.

मीटर हाती असेल तर

घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल आणि मीटर हाताळता येत असेल, तर पेटी तपासता येते. काळी वायर म्हणजे शून्य. पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ आणि जांभळीवर ५ व्होल्ट, असा ठराव आहे. यंत्र बंद असताना, पण वीज जोडलेली असताना, जांभळीवर ५ व्होल्ट दिसायलाच हवेत. चालू यंत्रात शेकडा पाच इतका फरक चालतो. म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६, लाल आणि जांभळीवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७. पिवळीवर ११ च्या खाली आकडा आला तर पेटी बदलण्याची वेळ झाली. काही तयार कंपनी कॉम्प्युटरांत जोड आणि रंग वेगळे असतात, तिथे हा हिशेब लावू नये.

पेटी स्वतः मात्र कधीही उघडू नये. तिच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतात. पेटी दुरुस्त करण्यापेक्षा बदललेली बरी.

जाता जाता एक किरकोळ वाटणारे दुखणे. दुधाच्या पावतीवर जुनीच तारीख येते, सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, पण बाकी यंत्र ठीक चालते. तेव्हा मदरबोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो. घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. नवा बसवून तारीख लावली की काम झाले.

वळवाच्या आधी

मृगाच्या आधी वळीव गडगडू लागला की कळ बंद करून भागत नाही. विजेची पिन आणि इंटरनेटची वायर, दोन्ही काढून ठेवाव्यात. दुसरे संकट न्यूट्रलचे. डीपीवर न्यूट्रल तुटली की काही घरांत दाब २३० वरून चारशेच्या दिशेने चढतो. बल्ब एकाएकी लखलखू लागले, पंखा जोरात फिरू लागला, की विचार न करता मेन स्विच पाडावा आणि वायरमनला कळवावे. त्या मिनिटभरात कॉम्प्युटर, टीव्ही आणि फ्रिज तिन्ही वाचतात.

दुकानात न्यावेच लागले तर चिठ्ठी लिहून द्यावी: दोष कधी येतो, काय काय तपासले, काय बदलून पाहिले. हिशेबाची नक्कल आधी दुसरीकडे काढलेली असावी. मदरबोर्ड गेला असे सांगितले तर दुसरी चांगली पेटी लावून आपल्यासमोर यंत्र चालवून दाखवायला सांगावे आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येत नाही. उलट गिऱ्हाइकाने निम्मे काम आधीच केलेले पाहून तो खूश होतो, आणि बिलही त्या मानाने कमी येते.